चाळीस पिशव्या लाख

१

गुरुवारी सकाळी शेवंतानं गोदामाचं कुलूप उघडलं तेव्हा चाळीसच्या चाळीस पिशव्या जागच्या जागी होत्या. कुलूप शाबूत, खिडकीची जाळी शाबूत, छपराचा एक पत्राही हललेला नव्हता. तिनं पहिली पिशवी सोडली, आतली काडी नखानं दाबली. कुरकुरीत, पोकळ. दुसरी सोडली, तिसरी सोडली. दहाव्या पिशवीपाशी ती जमिनीवरच बसली आणि तिथूनच तिनं माझ्या बायकोला फोन लावला.

"ताई, सगळं मरून गेलं गं. नाही तर कोणी मारलं. तू ये."

शेवंता म्हणजे माझ्या बायकोची, विनताची मावसबहीण. जबलपूरजवळ बरगी धरणाच्या पाण्याकाठी पिपरटोला म्हणून गाव आहे, तिथल्या बत्तीस बायकांच्या लाखगटाची ती अध्यक्ष. लाख म्हणजे झाडाच्या फांदीवर बसून रस पिणाऱ्या बारीक किड्यानं स्वतःभोवती बांधलेलं घर. त्याच्या बांगड्या होतात, लाकडाचं पॉलिश होतं, औषधाच्या गोळीवरचा चकचकीत लेप होतो. पण पीक घ्यायचं तर आधी जिवंत किडे बसलेल्या काड्या लागतात. त्यांना तिकडे 'बिहन' म्हणतात. या काड्या बारीक जाळीच्या पिशवीत भरून नव्या झाडाला बांधायच्या. पिल्लं जाळीतून बाहेर निघून फांदीवर चढतात. निघाल्यावर दोन-तीन दिवसांत झाड मिळालं तर ठीक, नाही तर मेली.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आसपासच्या वीस गावांत पळसावरची लाख जळून गेली होती. वाचली ती फक्त गटातल्या म्हाताऱ्या राधाबाईच्या शेतातल्या अकरा बोरींवर, पाण्याच्या अगदी काठाला. त्या अकरा झाडांचं बिहन म्हणजे या चाळीस पिशव्या. त्या गेल्या तर बत्तीस घरांचं वर्षाचं पीक गेलं. आणि या मुलखातला, इथलं ऊन सोसलेला तो किडाही गेला. तो कुठल्या बाजारात मिळत नाही.

"अहो, स्कूटर काढा," विनता मला म्हणाली.

मी गुलाबराव रामटेके. जबलपुरात खमरियाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं लेथ चालवली. विनता तिथंच माल तपासायची. माझ्या हातचे किती तरी नग तिनं नापास केले आणि मग माझ्याशी लग्न केलं. आता दोघंही निवृत्त. चेरीतालच्या घरात ती मेथीची जुडीसुद्धा उलटीपालटी करून पाहते.

निघताना तिनं एवढंच विचारलं, "कुलूप शाबूत, माल शाबूत, आणि तरी माल मेला. तुम्हाला पटून राहिलं का हे?"

२

पिपरटोल्याला पोचलो तेव्हा शेवंताच्या अंगणात दहा-बारा बायका जमल्या होत्या. डोळे रडलेले, आवाज चढलेले. ओट्यावर चिंतामणी डोंगरे बसले होते, एका संस्थेचे लाखतज्ज्ञ. पस्तिशीचे, जबलपुरातच वाढलेले. मराठी त्यांना कळतं, पण बोलताना जीभ हिंदीकडे वळते.

"मॅडम, हे नॅचरल आहे," ते म्हणाले. "गरमी इतकी पडली ना. अंदर सब मर गया. मी सोमवारी पाहिलं तेव्हा जिवंत होतं, पण... चांस असतो."

"सोमवारी कुठे पाहिलं?"

"झाडावर. राधाबाईच्या शेतात. एक काडी सॅम्पल म्हणून तोडून पण आणली."

"आणि पिशव्या कधी भरल्या?"

हे शेवंतानं सांगितलं. मंगळवारी दिवसभर राधाबाईनं काड्या कापल्या, आपल्या पडवीत पिशव्या भरल्या, तोंडं शिवली. संध्याकाळी बैलगाडीतून चाळीस पिशव्या आल्या. शेवंतानं त्या रॅकवर लावून कुलूप घातलं. किल्ली एकच, तिच्या कमरेला.

"तू उघडून पाहिल्या होत्या?"

"नाही ताई. राधाबाई म्हणाली, उघडू नको, लाखेचे दुश्मन किडे घुसतात. आणि खरंच आहे ते, सरही तसंच सांगतात."

"मग एवढं बिहन गोदामात कशाला ठेवलं? झाडाला काहून नाही बांधलं?"

शेवंतानं पदर सारखा केला. "पुढच्या बुधवारी जबलपूरला कार्यक्रम आहे. मोठे साहेब येणार, त्यांच्या हातून बिहनवाटप. त्यांनी शब्द दिला आहे ताई, कार्यक्रम चांगला झाला तर लाख साफ करायचं यंत्र गटाला मंजूर. यंत्र आलं तर पोरी-सुना वीटभट्टीवर जायच्या थांबतील. दोनदा तारीख पुढे गेली. मी काय करू?"

चहा आला. टेबलावर साखरेचा डबा उघडाच होता आणि त्याच्या शेजारी वाटीत ती सॅम्पलची काडी, काटेरी, बोटभर जाड. मुंग्यांची एक बारीक रांग टेबलाच्या पायावरून वर आली होती. मी डबा झाकायला हात पुढे केला तर विनतानं माझं मनगट धरलं.

"राहू द्या. पाहा, कुठे चालल्या."

मुंग्या साखरेला वळसा घालून वाटीत उतरत होत्या.

"जिवंत लाख है ना," चिंतामणी म्हणाले. "किडा गोड रस सोडतो. जिथे जिवंत लाख, तिथे मुंगी."

विनतानं चहा तसाच ठेवला. "चल शेवंता, गोदाम दाखव."

गोदामात तिनं एका पिशवीतली काडी काढून सॅम्पलच्या काडीशेजारी धरली. मग दुसऱ्या पिशवीतली, मग आठव्या. कारखान्यात मी तिचा असा चेहरा पुष्कळदा पाहिला होता. त्यानंतर नेहमी कोणाचा तरी माल परत जायचा.

"सर," ती म्हणाली, "बोरीला काटे असतात ना?"

"हो."

"मग या काड्यांना काटे कुठे आहेत?"

चिंतामणींनी काडी हातात घेतली. जाडसर, राखाडी, लवदार. त्यांचा चेहरा उतरला.

"हे पळस आहे," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे आपलं बिहन मेलं नाही," विनता म्हणाली. "बदललं आहे."

३

हे ऐकल्याबरोबर बायकांच्या तोंडी एकच नाव आलं, भैयालाल. गावात लाख विकत घेणारा व्यापारी. उन्हानं मेलेल्या पळसाच्या काड्या त्यानं खरवडायला म्हणून गावोगावहून उचलल्या होत्या. त्याच्या आवारात त्यांचा घराएवढा ढीग होता. शिवाय मागच्या बाजारात तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "ते बिहन मला द्या."

"चोर सापडला," एक बाई ओरडली. "चला त्याच्या घरी!"

"सगळ्या नाही," विनता म्हणाली. "मी, शेवंता आणि हे."

भैयालाल पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस. आम्हाला पाहून त्यानं खाट टाकली, पाणी आणवलं. शेवंता बसली नाही.

"भैयालालजी, आमचं बिहन कुठे आहे?"

त्याचा हात तांब्यावरच थांबला. "दीदी, वीस वर्षं तुमची लाख घेऊन राहिलो. कधी वजनात काटा मारला?"

"बाजारात मागितलं होतं ना तुम्ही?" विनतानं विचारलं.

"मागितलं. काहून मागितलं तेही सांगतो. टेबलावर हार घालून मरण्यापेक्षा माझ्या साल्याच्या गावी झाडावर चढलं असतं. निम्मं परत आणून दिलं असतं कार्तिकात. पण माझं कोण ऐकतं? व्यापारी म्हणजे चोर, बस!"

"टेबलावर मेलं असतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

भैयालालनं तांब्या उचलून पुन्हा खाली ठेवला.

"बरं, हे सांगा. या मेलेल्या काड्या तुमच्या ढिगातल्या. गेल्या आठवड्यात कोणी नेल्या?"

"चुलीला नेतात लोक. दहा बायका नेतात."

"एवढ्या? चाळीस पिशव्या भरतील एवढ्या?"

तो खाली पाहत राहिला. मग हात जोडले. "बाई, मला चोर म्हणा, चालेल. नाव मी घेणार नाही."

परतताना शेवंता रागानं पुढे चालत होती. "ऐकलं? कबूलच केलं त्यानं!"

"नाही गं," विनता म्हणाली. "चोर दुसऱ्याचं नाव सांगून सुटतो. हा कोणाला तरी वाचवून राहिला आहे."

४

ती पुन्हा गोदामात गेली. या वेळी पिशव्यांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. साडी सावरून सरळ गुडघ्यांवर बसली आणि रॅकखालची फरशी बोटानं पुसत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. साठी उलटलेली बाई! मी म्हटलं, "अगं, गुडघे!" तिनं ऐकलं नाही.

मग ती उठली आणि बोट मला दाखवलं. कोरडी धूळ.

"एक काडी वाटीत ठेवली तर मुंग्यांनी टेबल गाठलं. इथे चाळीस पिशव्या दोन दिवस होत्या. मुंगी दिसते का कुठे? चिकट थेंब?"

"नाही."

"मग कुलपाचा विचार सोडा. किल्ली कोणाकडे, रात्री कोण आलं, काही विचारायचं कारण नाही. माल गोदामात बदललाच नाही." तिनं पदरानं बोट पुसलं. "तो आला तेव्हाच बदललेला होता. जिवंत लाख या खोलीत कधी आलीच नाही."

शेवंता दारात उभी होती. तिनं चौकट धरली.

"पिशव्या तर राधाबाईनं भरल्या," ती म्हणाली. "तिच्याच झाडाची लाख, ताई. ती काहून चोरेल?"

राधाबाईचं घर गावाच्या शेवटाला, तिथून खाली उतरलं की पाणी. सत्तरी ओलांडलेली, काटक, एकटी. पडवीत बसून ती शेळीसाठी पाला निवडत होती. पायरीवरून, भिंतीवरून, खांबावरून मुंग्यांच्या रांगाच रांगा लागल्या होत्या.

"ये पोरी," ती विनताला म्हणाली, जणू वाटच पाहत होती. "बस. ऐकलं मी. लय वाईट झालं."

तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते. बोर कापणाऱ्या बाईच्या हातावर ते असणारच. पण विनता पाहत होती ती पोलक्याच्या बाहीकडे. पांढऱ्या कापडावर तांबडी भुकटी सांडल्यासारखी दिसत होती.

"मावशी, हे काय लागलं?"

"कुंकू." राधाबाईनं बाही झटकली. "सकाळी देवीची पूजा केली, डबी सांडली."

विनतानं वाकून तिचा हात हातात घेतला, नाकाजवळ नेला, चष्मा कपाळावर सारला. बराच वेळ पाहिलं.

"मावशी," ती म्हणाली, "कुंकवाला पाय कधीपासून फुटले?"

मीही वाकून पाहिलं. तांबडे कण चालत होते.

५

राधाबाईनं बाही पुन्हा झटकली नाही. उलट दुसऱ्या हाताचा आडोसा केला, वारा लागू नये म्हणून.

"निघाली," ती हळू आवाजात म्हणाली. "मी शनिवार म्हणत होती. बुधवारीच निघाली पहिली. काल सकाळपासून."

"बिहन कुठे आहे?" शेवंतानं विचारलं.

"झाडावर."

"कुठल्या झाडावर? गावात तर एकाही झाडाला पिशवी नाही!"

राधाबाईनं हनुवटीनं पाण्याकडे खूण केली. दूर, धरणाच्या पाण्यात, हिरव्या पाठीसारखी एक टेकडी वर आली होती. "जुन्या गावावर."

पिपरटोला आधी तिथं होतं. धरण भरलं तेव्हा घरं, शेतं, विहिरी सगळं पाण्याखाली गेलं, फक्त वरची टेकडी राहिली. तिच्यावर साठेक बोरी. कोणाच्या मालकीच्या नाहीत, कोणी जात नाही. राधाबाई जात होती. माघात टिकाराम मच्छीमाराच्या डोंग्यातून जाऊन तिनं एकटीनं त्या बोरी छाटून ठेवल्या होत्या, नवी पालवी फुटावी म्हणून. मंगळवारी रात्री दुसऱ्या चाळीस पिशव्यांत भरून त्याच डोंग्यातून बिहन गेलं. मेलेल्या काड्या भैयालालनं दिल्या, काहीच न विचारता; टेबलावर बिहन मरेल हे तिनं त्याला आधीच सांगितलं होतं.

"मी सांगितलं होतं तुले," ती शेवंताला म्हणाली. "तीनदा सांगितलं. काडीवर पिवळा ठिपका आला की आठ-दहा दिवस, पसरला की चार. ठिपका पसरला होता. तू म्हणली, सरांच्या कागदावर बारा दिवस आहेत. सरांना सांगितलं, ते म्हणाले, अम्मा, आप चिंता मत करो. बुधवारी साहेबाच्या हातात काय दिलं असतं तुम्ही? मेलेली पोरं?"

चिंतामणी आमच्या मागून येऊन अंगणात उभे होते.

"गाव बुडलं तेव्हा," राधाबाई म्हणाली, "लोकांनी भांडी नेली, चौकटी उपसून नेल्या. मी दोन काड्या नेल्या, पदरात बांधून. हा किडा तिथला आहे. माझ्या सासूनं दिलेला. माझ्या डोळ्यांपुढं मी त्याले मरू देणार नव्हती."

शेवंताचा संयम सुटला. "आणि आम्ही? बत्तीस बायका? सकाळपासून रडून राहिल्या त्या! भैयालालला चोर म्हणून आली मी! तुम्ही मला सांगायचं होतं, ओरडायचं होतं, दारात आडवं पडायचं होतं. खोट्या पिशव्या काहून भरल्या?"

"ओरडणाऱ्या म्हातारीचं कोण ऐकतं?" राधाबाई म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "कार्तिकात सगळ्यांना देणारच होती. एकेकीच्या दारात नेऊन. पण तुझं खरं आहे. खोटं ते खोटंच."

दोघी एकमेकींकडे न पाहता उभ्या राहिल्या. विनतानं त्यांच्यात तोंड घातलं नाही. ती चिंतामणींकडे वळली.

"सर, पिशवी एका झाडावरून काढून दुसऱ्याला बांधता येते?"

"येते. सगळी पिल्लं एकदम निघत नाहीत, आठवडाभर निघत राहतात. आत्ता चाळीसपैकी तीस पिशव्या आणल्या तर गावातले सगळे छाटलेले पळस कव्हर होतात. पण आज-उद्यात. बुधवारपर्यंत नाही थांबता येणार."

आता सगळे शेवंताकडे पाहत होते. यंत्र तिनं मागितलं होतं, कार्यक्रमाला होकार तिनं दिला होता. ती टेकडीकडे वळली. मग म्हणाली, "टिकारामला हाक मारा. आणखी दोन डोंगे लागतील."

६

शुक्रवारी सकाळी तीन डोंगे निघाले. पहिल्यात शेवंता आणि राधाबाई, समोरासमोर, अबोल. आम्ही दुसऱ्यात. वाटेत मी विनताला म्हटलं, "तुला पोहता येत नाही, माहीत आहे ना?" ती म्हणाली, "तुम्हाला येतं ना? मग झालं."

टेकडीवर चढलो तर बोरींच्या कोवळ्या फांद्या तांबूस दिसत होत्या, जणू कोणी गेरू फिरवलाय. जवळ गेल्यावर कळलं की ती पिल्लं होती, लाखोंनी, संथपणे वर चढणारी. बायका एकदम बोलू लागल्या. चिंतामणी भिंग काढून एका फांदीशी बसले ते उठेचनात.

शेवंता मात्र पुढे गेली, उतारावर, जिथं पाण्याची रेघ होती. लग्न होऊन ती जुन्या गावातच आली होती. तिथं दोन वर्षं नांदली आणि मग सामान बांधून निघाली ती परत कधी आली नव्हती. राधाबाई तिच्यामागून हळूहळू उतरली.

"तुझी चूल तिथं," तिनं पाण्यात काठी रोखून दाखवलं. "उन्हाळ्यात पाणी उतरलं की ओटा दिसतो अजून. मी पाहते दर साली."

"मला काहून नाही सांगितलं कधी?"

"तू विचारलंस कधी?"

शेवंता रडली. राधाबाईनं तिला जवळ घेतलं नाही, नुसती शेजारी उभी राहिली, काठीवर रेलून. मग दोघी वर आल्या आणि पिशव्या सोडायला लागल्या.

शनिवारी दुपारपर्यंत गावातल्या शेवटच्या पळसाला पिशवी बांधून झाली. भैयालाल न बोलावता शिडी घेऊन आला होता. शेवंतानं सगळ्यांदेखत त्याची माफी मागितली. तो इतका लाजला की शिडी विसरून गेला.

चिंतामणींनी साहेबांना फोन स्वतः केला. आमच्यासमोरच. "सर, चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी झाडाऐवजी कागद पाहिला. बिहन आता झाडावर आहे, ते टेबलावर येणार नाही. तुम्ही गावात या, मी दाखवतो." साहेब आले नाहीत. यंत्र त्या वर्षी मिळालं नाही, आणि दोन बायकांच्या सुना उन्हाळ्यात वीटभट्टीवर गेल्याच. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण कार्तिकात पीक उतरलं ते असं की पिपरटोल्यानं चौदा गावांना बिहन दिलं. भैयालालच्या साल्याच्या गावालाही. दुसऱ्या वर्षी यंत्र आलं, एका सहकारी बँकेकडून, कार्यक्रमाशिवाय.

राधाबाईचा प्रश्न राहिला होता. गटाच्या बैठकीत तिनं उभं राहून सांगितलं, "मी खोटं केलं, दंड करा." बायकांनी बराच खल केला. शेवटी दंड ठरला: दर हंगामाला दोघी-दोघींना पिवळा ठिपका वाचायला शिकवायचं. बत्तीस जणी पुऱ्या होईस्तोवर तिनं मरायचं नाही.

पहिली शिकाऊ शेवंता. पुढच्या आषाढात आम्ही गेलो तेव्हा दोघी बोरीखाली बसल्या होत्या. शेवंतानं काडी डोळ्याशी धरली, फिरवली, बोटावर दिवस मोजले आणि तारीख सांगितली.

राधाबाईनं काडी घेतली, पाहिली, परत दिली.

"दोन दिवस चुकली," ती म्हणाली. "पण सरांच्या कागदापेक्षा बरी."